बेसबॉलमधला बदली कामगार

जर्नीमन हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं की जर्नीमन म्हणजे जर्नी करणारा, आज या टीमकडे उद्या त्या टीमकडे, विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा प्लेयर. तसं वापरतात पण त्याच अर्थाने, पण शब्दाचं मूळ वेगळंच निघालं. फ्रेंचमधे जुर्ने म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. जुन्या काळी युरोपात जो कारागीर उमेदवारी संपवून बाहेर पडलाय, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही आणि उस्ताद म्हणून नाव नाही, म्हणून दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर राबतो, तो जर्नीमन. म्हणजे प्रवासी नाहीच, हजेरीवरचा माणूस.

माझे आजोबा परळच्या एका मिलमधे बरीच वर्षं बदलीवर होते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, खात्यातला कोणी आला नसेल तर आत घ्यायचे, सगळे आले असतील तर परत घरी. किती दिवस भरले याचा हिशोब आजी तोंडपाठ सांगायची, कारण त्या दिवसांवर पुढे कायम होणं अवलंबून. अमेरिकन बेसबॉलमधे बॅकअप कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसणाऱ्या मुख्य कॅचरचा बदली, कसा जगतो हे वाचत गेलो तेव्हा मला सारखं ते गेट आठवत राहिलं, फक्त इथे २०१० च्या दशकात गेटच्या आत एका दिवसाचे दोन हजार डॉलर मिळायचे आणि बाहेर तेवढेच महिन्याचे.

उदाहरण म्हणून एकच माणूस घेतो, एरिक क्रॅट्झ. बेसबॉल बघणाऱ्यांमधेसुद्धा बऱ्याच जणांना हे नाव लगेच आठवणार नाही. १९८० चा जन्म, पेनसिल्व्हेनियातल्या टेलफर्ड गावचा, फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर. शाळा मेनोनाइट पंथाची आणि कॉलेजही त्यांचंच, व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गचं ईस्टर्न मेनोनाइट युनिव्हर्सिटी. मेनोनाइट म्हणजे ख्रिश्चनांमधला एक साधा राहणारा, युद्ध न मानणारा पंथ. कॉलेज छोटं, डिव्हिजन थ्री मधलं, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही आणि जिथून मोठे प्लेयर येतात असं कोणी म्हणत नाही. २००२ मधे टोरंटो ब्लू जेजनी त्याला ड्राफ्टमधे, म्हणजे क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात, घेतलं, २९ व्या राउंडला. ८६५ पोरं निवडून झाल्यावर ८६६ वा हा. तेव्हा ड्राफ्ट ५० राउंडचा असायचा, आता २० चाच असतो, म्हणजे आज त्याच्या राउंडला कोणाचंच नाव पुकारत नाहीत.

हा माणूस त्यानंतर १९ सीझन प्रोफेशनल बेसबॉल खेळला. मेजर लीगमधे, म्हणजे टीव्हीवर दिसतं त्या सगळ्यात वरच्या पातळीवर, ९ वेगवेगळ्या टीमकडून खेळला. बॅटिंग ॲव्हरेज .२०९. ते कसं वाचायचं तर हजार वेळा बॅटिंगला आला तर २०९ वेळा हिट, बाकीच्या वेळी आउट. .३०० वाला स्टार, .२५० च्या आसपास बरा, आणि .२०० ही लाज राखायची रेघ, तिला मेंडोझा लाइन म्हणतात, मारिओ मेंडोझा नावाच्या एका गरीब बिचाऱ्या मेक्सिकन प्लेयरच्या नावावरून. तर .२०९ म्हणजे रेघेच्या जरासाच वर. मग अशा माणसाला ९ टीमनी कामाला का ठेवलं हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर असं की त्याला बॅटिंगसाठी ठेवलंच नव्हतं.

आपण कॅचर म्हणजे विकेटकीपर असं समजून मोकळे होतो. जागा तीच, बॅट्समनच्या मागे, ग्लोव्हज घालून. पण कीपर प्रत्येक ओव्हरला बॉलरला सांगत नाही की आता ऑफकटर टाक, मग बाउन्सर. कॅचर सांगतो. मॅचमधे एका टीमचे पिचर, म्हणजे आपले बॉलर, मिळून साधारण १२० ते १५० बॉल टाकतात आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक बॉलआधी कोणता बॉल, कुठे, हे कॅचर सुचवतो, पिचर हो म्हणतो किंवा मान हलवून नको म्हणतो. पूर्वी दोन मांड्यांच्या मधे बोटांनी खुणा करायचे, २०२२ पासून पिचकॉम नावाचं यंत्र आलं, बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो. खुणा चोरायची कटकट बरीचशी गेली पण काय सुचवायचं हे डोकं कॅचरचंच लागतं. समोरचा बॅटर मागच्या महिन्यात कोणत्या बॉलवर फसला, आज आपल्या पिचरच्या हातातून स्लायडर नीट सुटतोय की नाही, अंपायर खालचा बॉल स्ट्राइक देतोय, म्हणजे बॅटरविरुद्ध धरतोय, की नाही, हे सगळं एकाच वेळी बघायचं, आणि हे सगळं उकिडवं बसून. दीडशे बैठका, उन्हात, छातीवर पॅड, पायात गार्ड, तोंडावर जाळी. या सगळ्या साहित्याला बेसबॉलवाले गमतीने अज्ञानाची अवजारं म्हणतात, कारण ज्याला थोडी अक्कल आहे तो ही जागा कशाला घेईल.

शिवाय बॉल जमिनीवर आपटला तर ग्लोव्हने नाही, अंगाने अडवायचा. बॅटची कड लागून दीडशे किलोमीटर वेगाचा बॉल थेट जाळीवर, खांद्यावर, बोटांवर. म्हाताऱ्या कॅचरची बोटं बघा कधी, आल्याच्या गाठींसारखी झालेली असतात. आणि बेसवरचा रनर पळाला तर बसल्या जागेवरून उठून १२७ फूट लांब सेकंड बेसला थ्रो, बॉल ग्लोव्हमधे आल्यापासून तिकडे पोचेपर्यंत २ सेकंद म्हणजे ठीकठाक, १.९ म्हणजे उत्तम.

पण पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट बरीच उशिरा मोजता आली, ती म्हणजे फ्रेमिंग. बॉल स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या न दिसणाऱ्या चौकटीच्या, कडेवर आला तर स्ट्राइक (चौकटीतला) की बॉल (बाहेरचा, वाइडसारखा) हे अंपायर ठरवतो, आणि कॅचरने तो कसा घेतला यावर अंपायरचं मत हलतं. ग्लोव्ह झटक्याने बाहेर गेला तर वाइडच वाटतो, अलगद, स्थिर हाताने घेतला तर तोच बॉल स्ट्राइक वाटतो. मैदानांवर बॉलचा मार्ग टिपणारे कॅमेरे लागल्यावर २०११ मधे माईक फास्ट नावाच्या एका अभ्यासकाने हिशोब मांडला आणि कळलं की काही कॅचर नुसत्या हाताच्या शांतपणावर वर्षाला बरेच रन वाचवतात. त्यात होजे मोलिना हा जाडजूड, हळू पळणारा बॅकअप कॅचर एकदम वर होता, आणि त्याच वर्षाच्या शेवटी टॅम्पा बे रेजनी त्याला उचललं, ही टीम पैशाने गरीब आणि आकडेमोडीत हुशार म्हणून ओळखली जाते. जेफ मॅथिस त्याहून टोकाचा, ॲव्हरेज .१९४, म्हणजे मेंडोझा लाइनच्याही खाली, आणि तरी १७ सीझन मेजर लीगमधे. लोक हसायचे, पिचर हसायचे नाहीत.

(२०२६ च्या सीझनपासून इथे एक नवीन गोष्ट आलीये, मशीनकडे अपील. प्रत्येक टीमला २ चॅलेंज, बरोबर निघालं तर चॅलेंज शिल्लक राहतं, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरच करू शकतो. म्हणजे फ्रेमिंगची जादू थोडी कमी होणार, पण आता कुठल्या बॉलवर अपील करायचं हे ओळखायचं कामही कॅचरकडे आलंच. मला वाटतं म्हातारे कॅचर यात तरुणांपेक्षा बरे निघतील, पण बघू.)

आता गेटच्या बाहेरची व्यवस्था. मेजर लीगमधे ३० क्लब, आणि प्रत्येक क्लबच्या खाली शिडीसारख्या मायनर लीगच्या टीम, सगळ्यात वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, मग सिंगल-ए च्या दोन पायऱ्या, आणि खाली नवशिक्यांचे कॅम्प. २०२१ पासून खालच्या टीम कमी करून १२० वर आणल्या, म्हणजे क्लबमागे चार. आपल्याकडच्या रणजीशी तुलना करायचा मोह होतो पण फरक मोठा आहे, रणजीत तुम्ही मुंबईसाठी किंवा विदर्भासाठी खेळता, मुंबई जिंकली तर मुंबई जिंकली. ट्रिपल-ए ची टीम हे वरच्या क्लबचं गोदाम आहे, काल चांगला खेळलेला पिचर आज सकाळी विमानाने वर गेलेला असतो आणि त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही.

या गोदामात कॅचरचा साठा जास्त का ठेवतात याचं कारण साधं आहे. फर्स्ट बेसवाला जखमी झाला तर आउटफिल्डर तिथे उभा करता येतो, काम भागतं. कॅचर जखमी झाला तर दुसरा कोणी ते करू शकत नाही, निदान न मरता करू शकत नाही. म्हणून वर दोन कॅचर लागतातच आणि तिसरा ट्रिपल-ए मधे बॅग भरून तयार लागतो. त्यात फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग सुरू होतं तेव्हा एकेका क्लबकडे तीसेक पिचर गोळा होतात, सगळ्यांना रोज बॉल टाकायचे असतात आणि ते घ्यायला माणसं लागतात. म्हणूनच सगळ्यांच्या आधी पिचर आणि कॅचर यांना बोलावतात. या कॅम्पला दरवर्षी काही अनुभवी कॅचर नुसते पाहुणे म्हणून बोलावले जातात, टीममधे जागा नाही, वचन नाही, फक्त महिना दीड महिना बॉल घ्या आणि आमची तरुण पोरं सांभाळा. कोणाचा गुडघा गेला तर तुमचं नशीब.

एकदा मावसबहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा ॲलनटाउनला ट्रिपल-ए ची मॅच बघितली, तिकीट स्वस्त, हॉट डॉग महाग. मॅचपेक्षा मला बाजूच्या बुलपेनमधला, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागेतला, कॅचर लक्षात राहिला. चेहऱ्यावरून पस्तिशीचा वाटत होता, पिचर विशीतला. प्रत्येक बॉलनंतर उठून काहीतरी बोलायचा, हाताने दाखवायचा, परत बसायचा. भाचा म्हणाला मामा हे काका अजून का खेळतायत. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देता येईल, की ते काका त्या दिवशी खेळत नव्हते, शिकवत होते, आणि क्लब त्यांना निम्मे पैसे त्याचेच देतो.

आता पैसे. क्रॅट्झ २०१० मधे पहिल्यांदा वर आला तेव्हा मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ४,००,००० डॉलर होता. सीझन साधारण १८३ दिवसांचा, म्हणजे वर असलेल्या प्रत्येक दिवसाचे सुमारे २,२०० डॉलर. त्या दशकात ट्रिपल-ए चा सुरुवातीचा पगार महिन्याला २,१५० डॉलर, तोही सीझनच्या पाच महिन्यांपुरता. म्हणजे वरचा एक दिवस बरोबर खालचा एक महिना! जुने अनुभवी लोक घासाघीस करून खालीही जास्त मिळवतात हे खरं, पण दरी तीच. २०२२ मधे मायनर लीगवाल्यांची युनियन झाली आणि २०२३ पासून ट्रिपल-ए ला वर्षाला किमान ३५,८०० डॉलर मिळायला लागले, तोवर बऱ्याच पोरांचे हिवाळे वेअरहाऊसमधे खोकी उचलण्यात जायचे.

आणि दिवसांचा हिशोब फक्त पगारापुरता नाही. मेजर लीगच्या मस्टरवर १७२ दिवस भरले की एक वर्षाची सर्व्हिस धरतात. एक दिवस, फक्त एक दिवस, वरच्या टीममधे काढला की आयुष्यभराच्या मेडिकल इन्शुरन्सला पात्र. ४३ दिवस भरले की पेन्शन सुरू व्हायचा हक्क, छोटी का होईना. हा ४३ दिवसांचा नियम १९८० पासूनचा, त्याआधी ४ वर्षं लागायची. त्यामुळे ४० दिवसांवर अडकलेला कॅचर आणि ४३ वाला कॅचर यांच्यात म्हातारपणी जमीन अस्मानाचा फरक पडतो आणि हा फरक कोणाच्या तरी अंगठ्याला बॉल लागला की नाही यावर ठरलेला असू शकतो.

यात आता तीन शब्द कळले पाहिजेत, नाहीतर या लोकांच्या बातम्या वाचताना काही म्हणजे काही समजत नाही.

पहिला ऑप्शन. क्लबच्या ४० जणांच्या यादीत तुम्ही आहात, त्यातले २६ वर खेळतात, बाकी खाली. क्लब तुम्हाला वर खाली करू शकतो पण हे करण्यासाठी त्यांच्याकडे तुमची तीनच वर्षं असतात. त्या एका वर्षात कितीही वेळा वर खाली करता यायचं, आता वर्षाला पाचच वेळा. ही तीन वर्षं संपली की तुम्ही ऑप्शन नसलेला माणूस, आता तुम्हाला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या क्लबना विचारावं लागतं.

ते विचारणं म्हणजे वेव्हर. यादी फिरते, इतर सगळ्या क्लबपैकी कोणाला हा हवाय का, ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट त्यांना पहिला मान. कोणी हात वर केला तर उद्यापासून तुम्ही त्यांचे, तुमच्या बायकोने कालच नवीन शहरात घराचं डिपॉझिट भरलं असलं तरी.

आणि तिसरा, सगळ्यात कुप्रसिद्ध, डीएफए. नेमणुकीसाठी बाजूला काढलेला. ऐकायला बढती वाटते, असते उलट. ४० च्या यादीतून तुमचं नाव त्या क्षणी पुसलं जातं कारण जागा दुसऱ्याला हवी आहे, आणि क्लबकडे ७ दिवस असतात, तेवढ्यात तुम्हाला विकायचं, वेव्हरवर टाकायचं किंवा सोडून द्यायचं. पूर्वी हे १० दिवस होते. हे दिवस तुम्ही कोणाचेच नसता. फोन चार्ज करून बसायचं.

विकतात ते तरी कशाच्या बदल्यात, तर बऱ्याचदा थोडी कॅश किंवा नाव नंतर सांगू असा एक प्लेयर. या नंतर सांगू प्रकारातली सगळ्यात भारी गोष्ट एका कॅचरचीच आहे, हॅरी चिटी. १९६२ मधे क्लीव्हलंडने त्याला न्यू यॉर्क मेट्सला दिलं, बदल्यात एक प्लेयर नंतर ठरवू असं झालं. दीड-दोन महिन्यांनी मेट्सनी तो प्लेयर म्हणून परत पाठवला कोणाला, तर हॅरी चिटीलाच. माणूस स्वतःच्याच बदल्यात विकला गेला. वाचून मी मोठ्याने हसलो आणि मग जरा वाईटही वाटलं.

तर क्रॅट्झ. टोरंटोच्या शिडीवर तो २००२ ते २००८ राहिला, वर काही पोचला नाही. मग पिट्सबर्ग पायरेट्सच्या ट्रिपल-ए टीमकडे, इंडियानापोलिसला. (पायरेट्सनीच २००८ च्या शेवटी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना टीव्ही शोमधून शोधून करारबद्ध केलं होतं, त्यामुळे आपल्या पेपरात त्या वर्षी पायरेट्सचं नाव आलं होतं. ती दोघं शिडीच्या तळाशी होती, क्रॅट्झ वरच्या टोकाला.) १७ जुलै २०१० ला क्रॅट्झ मेजर लीगची पहिली मॅच खेळला. वय ३०. ड्राफ्टला ८ वर्षं झालेली. त्याच्याबरोबर निवडलेले बहुतेक जण तोवर खेळ सोडून नोकरीधंद्याला लागलेले होते.

आणि खरी संधी आली ती गावाकडच्या टीमकडून, फिलाडेल्फिया फिलीजकडून, आणि तीही दुसऱ्याच्या पायामुळे. २०१२ च्या ऑगस्टमधे त्यांचा मुख्य कॅचर कार्लोस रुईझ टाचेच्या दुखण्याने बाहेर गेला. क्रॅट्झ त्या वर्षी ५० मॅच खेळला, ९ होमरन मारले, बत्तीस वर्षांचा माणूस लहानपणी ज्या टीमच्या गावाशेजारी वाढला त्या टीमकडून. पुढच्या वर्षी सुरुवातीच्या २५ मॅच रुईझवर बंदी होती, परवानगी न घेता घेतलेल्या एका औषधामुळे, तेव्हाही क्रॅट्झच. बदली कामगाराचं हेच असतं, दुसऱ्याचं दुखणं ही आपली हजेरी, आणि याबद्दल मनात धड आनंदही मानता येत नाही कारण तो दुसरा रोज शेजारच्या लॉकरपाशी बसलेला असतो.

उलट बाजू २०१४ ला. डिसेंबर २०१३ मधे फिलीजनी त्याला टोरंटोला दिलं, टोरंटोने जुलैत कॅन्सस सिटी रॉयल्सना दिलं, आणि रॉयल्स त्या वर्षी थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, गेले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं समोर, आणि क्रॅट्झ डगआउटमधे बसून. कारण रॉयल्सचा कॅचर साल्वाडोर पेरेझ, हा माणूस सुट्टीच घेत नाही. वर्ल्ड सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली, क्रॅट्झ एक बॉल खेळला नाही.

त्यानंतरची वर्षं सांगायची म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल वाचल्यासारखं होईल, त्यामुळे वेगात सांगतो. परत फिलीज, मग इकडे तिकडे करत २०१६ ला ह्यूस्टन ॲस्ट्रोज, तिथून परत पायरेट्स. दोन्हीकडे टीम एवढी हरत होती की पिचर वाचवायला कॅचरलाच बॉल टाकायला उभं केलं, आणि क्रॅट्झने नकलबॉल, म्हणजे हळू, न फिरता डुलत जाणारे बॉल, टाकले. एका सीझनमधे दोन टीमसाठी पिचिंगही आणि कॅचिंगही करणारा १८७९ नंतरचा तो पहिला माणूस. अशा रेकॉर्डचं काय करायचं हे त्यालाही माहीत नसेल. २०१७ ला न्यू यॉर्क यांकीजकडून २ वेळा बॅटिंग, २ हिट, सीझनचं ॲव्हरेज १.०००.

आणि मग २०१८. मे मधे यांकीजनी त्याला मिलवॉकी ब्रुअर्सना दिलं. तिथे रेडिओवर कॉमेंट्री कोण करायचं तर बॉब युकर, स्वतः जुना बॅकअप कॅचर, ६ सीझन, ॲव्हरेज बरोबर .२००, आणि त्या वाईट बॅटिंगवर स्वतःचीच टर उडवत तो १९७१ पासून मिलवॉकीच्या मॅचचा आवाज होता, २०२५ च्या जानेवारीत गेला. ब्रुअर्स प्लेऑफला पोचले आणि या वेळी क्रॅट्झ बाकावर नव्हता. वय ३८, पिचर सोडले तर प्लेऑफमधे पहिल्यांदा उतरणारा सगळ्यात वयस्कर प्लेयर, १९०५ नंतरचा. कोलोरॅडो रॉकीजविरुद्ध ८ वेळा बॅटिंग, ५ हिट. आयुष्यभर .२०९ आणि त्या आठवड्यात .६२५! आकडेमोडवाले म्हणतील ८ वेळा म्हणजे काहीच नाही, योगायोग आहे, आणि ते बरोबरच आहेत, पण मी त्या आठवड्यात कामधंदा सोडून बॉक्स स्कोअर बघत होतो. ब्रुअर्स पुढच्या फेरीत लॉस एंजेलिस डॉजर्सकडून सातव्या मॅचला हरले.

पुढच्या मार्चमधे मिलवॉकीने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना देऊन टाकलं. मग रेज. मग परत यांकीजची ट्रिपल-ए टीम, स्क्रँटनला. काही लोकांना हे क्रूर वाटतं. मला वाटतं क्रूर असण्यासाठी तरी कोणाच्या तरी मनात काही असावं लागतं, इथे फक्त २६ खुर्च्या आणि २७ माणसं असतात.

अशा माणसांचं पुढे काय होतं हेही बघण्यासारखं आहे, कारण कॅचर मैदानावरचा एकटाच माणूस ज्याचं तोंड बाकी सगळ्यांकडे असतं, त्यामुळे खेळ त्याला पूर्ण दिसतो, त्यात बॅकअप असेल तर चारपैकी तीन दिवस बाकावर बसून मॅनेजरचं, म्हणजे इथल्या मुख्य कोचचं, बोलणं ऐकत असतो. ब्रूस बोची असाच दुय्यम कॅचर होता, मॅनेजर म्हणून ४ वर्ल्ड सिरीज जिंकला. स्टीफन व्होटला मेजर लीगमधे पहिला हिट मिळायच्या आधी ३२ वेळा हात हलवत परतावं लागलं होतं, २०२२ मधे शेवटच्या बॅटिंगला होमरन मारून रिटायर झाला आणि दोन वर्षांत क्लीव्हलंडचा मॅनेजर म्हणून अमेरिकन लीगचा बेस्ट मॅनेजर ठरला. डेव्हिड रॉस ३९ व्या वर्षी २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला होमरन मारून गेला, नंतर त्याच शिकागो कब्जचा मॅनेजर झाला. क्रॅट्झ आता टॉक शो करतो, ए. जे. पियर्झिन्स्की या दुसऱ्या एका कॅचरबरोबर.

त्याआधीचा शेवटचा सीझन मात्र सांगायलाच हवा. २०२०, कोविडचं वर्ष, ६० मॅचचा सीझन, प्रेक्षक नाहीत. क्रॅट्झ ४० चा झालेला, यांकीजकडून १६ मॅच खेळला आणि .३२१ मारलं, म्हणजे जाता जाता. ऑगस्टच्या शेवटी डेव्ही गार्सिया नावाचा २१ वर्षांचा डॉमिनिकन पोरगा पिचर पहिल्यांदा वर आला आणि त्याचे बॉल घ्यायला मागे क्रॅट्झ बसला होता, कारण वर्षभरापूर्वी स्क्रँटनला त्यानेच त्याचे बॉल घेतले होते. पत्रकारांनी त्याला या पोराबद्दल विचारलं, आणि लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या, भाषा येत नसलेल्या मुलांना इथे किती एकटं वाटतं यावर बोलता बोलता क्रॅट्झ कॅमेऱ्यासमोर रडायला लागला. .२०९ च्या माणसाला कशासाठी ठेवतात हे ज्यांना कळत नाही त्यांनी तो व्हिडिओ बघावा. नोव्हेंबरमधे तो रिटायर झाला. ११ सीझन वर, त्यात एकूण मॅच ३३२, म्हणजे रोज खेळणाऱ्याच्या जेमतेम दोन सीझनइतक्या.

गार्सियाला ऑगस्ट २०२३ मधे यांकीजनी डीएफए केलं आणि शिकागो व्हाइट सॉक्सनी वेव्हरवरून उचललं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.